हरवलेल्या पुस्तकांचा रकाना

"पस्तीस वर्षं झाले, एक पुस्तक हरवू नाही देल्लं म्या."

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल काका हे मी शाळेत असल्यापासून सांगत आले आहेत. तेव्हा फक्त वर्षांचा आकडा लहान होता. भंडारा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. वाचनालयाचं रूप तुम्ही कुठल्याही तालुक्याला पाहिलं असेल तसंच: दारातून शिरलं की लांब टेबल, टेबलावर पेपर, भिंतीला लागून काचेच्या दारांची कपाटं आणि प्रत्येक कपाटाला कुलूप. चाव्यांचा जुडगा काकांच्या खिशात. पुस्तक हवं असेल तर काचेतून बोट दाखवायचं. काका कपाट उघडणार, पुस्तक काढून झटकणार आणि हातात देताना म्हणणार, "नेजो, पन सांभारून आनजो." मी ती पुस्तकं खरंच सांभाळून नेली-आणली. पुढे नागपूर, इंजिनिअरिंग, मग पुणे. काकांचा विक्रम मोडण्यात माझा हात नाही.

मला बोलायचं आहे ते या विक्रमाबद्दल. ग्रंथालयांच्या विस्ताराविषयी आपल्याकडे बरंच बोललं जातं. नवी इमारत, संगणक, ई-लायब्ररी, वाय-फाय, ग्रंथदिंडी. या सगळ्यात एकही पुस्तक न हरवण्याचा अभिमान कधी प्रश्न म्हणून येत नाही. माझा संशय असा की खरी गाठ तिथेच आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात एक हिशेब असतो, त्याला एरर बजेट म्हणतात. गूगलच्या लोकांनी तो रूढ केला, २०१६ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तकही काढलं. कल्पना साधी आहे. आमची सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं वचन दिलं, तर ३० दिवसांच्या महिन्यात साधारण ४३ मिनिटं ती बंद पडायला मुभा असते. ही ४३ मिनिटं म्हणजे बजेट, आणि बजेट खर्च करण्यासाठी असतं: नवं काही लोकांपर्यंत पोचवताना जी पडझड होते, ती यातून भागवायची. महिन्यामागून महिने शून्य मिनिटं खर्च झाली, तर शाबासकी मिळत नाही. उलट कुणीतरी विचारतं, तुम्ही नवं काही करताय की नाही?

पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला काका आठवले. मग कळलं की ग्रंथालयांसाठी हाच हिशेब सरकारी कागदावर आधीच मांडलेला आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीत, नियम २१५ मध्ये तो सापडतो. वर्षभरात वाचायला दिल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर ते वाजवी समजावं. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. पुस्तक हजार रुपयांहून महाग असेल किंवा दुर्मिळ असेल, तर मात्र चौकशी झालीच पाहिजे. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे, आमच्या गावच्या वाचनालयाला तो लागू होत नाही. पण त्यातला छेद बघा. कपाटात असलेल्या हजार पुस्तकांमागे पाच असं तो म्हणत नाही, लोकांच्या हातात गेलेल्या हजारांमागे पाच असं म्हणतो. जो जास्त वाटेल त्याला जास्त हरवायची परवानगी. ज्याचं काहीच बाहेर जात नाही, त्याने एक जरी हरवलं तरी तो दोषी. सरकारी नियमावलीत इतकं शहाणपण असेल असं मला वाटलं नव्हतं.

या नियमाच्या उजेडात काकांचा विक्रम बघितला की तो थोडा केविलवाणा दिसतो. पस्तीस वर्षांत शून्य पुस्तकं हरवली याचा अर्थ पस्तीस वर्षं पुस्तकं फक्त अशाच माणसांकडे गेली, ज्यांच्याकडून ती परत येणार याची काकांना आधीच खात्री होती. मास्तरांच्या घरी, वकिलांच्या घरी, आमच्यासारख्या नोकरदारांच्या घरी. नदीकाठच्या ढिवर मोहल्ल्यात नाही. रोवणीच्या दिवसांत चार गावं फिरणाऱ्या मजूर बाईकडे नाही. काकांनी कुणाला "तुम्हाला देत नाही" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. तशी वेळच आली नाही. काचेच्या दाराला कुलूप असलं की काही माणसं बोट दाखवायला येतच नाहीत.

हार्वर्डच्या एका जुन्या ग्रंथपालाचा किस्सा सांगतात. तो घाईघाईने चालला होता, चेहरा आनंदी. कुणी विचारलं तर म्हणाला, सगळी पुस्तकं जागेवर आली आहेत, फक्त दोन बाहेर आहेत, एका प्राध्यापकाकडे, तीच आणायला निघालोय. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्यांना हा किस्सा हसण्यासाठी सांगितला जातो. आपल्याकडे तो हसण्याचा विषय व्हायला अजून वेळ आहे.

काकांवर टीका करणं सोपं आहे, म्हणून आधी त्यांचा जमाखर्च बघू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, तो अमलात आला १ मे १९६८ पासून. एस. आर. रंगनाथन यांचा आग्रह होता की ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर असावा, म्हणजे त्यांना दरवर्षी हात पसरावे लागणार नाहीत. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्यात तो आला, नंतर कर्नाटकातही आला. महाराष्ट्राने तो घेतला नाही. आपल्याकडे गावातली नोंदणीकृत संस्था ग्रंथालय चालवते आणि सरकार अनुदान देतं. यात एक फार चांगली गोष्ट आहे, ग्रंथालय गावाचं राहतं. आणि एक वाईट, ते गावातल्या ठरावीक घरांचं राहतं.

अनुदान वर्गानुसार मिळतं: अ, ब, क, ड. सगळ्यात खालच्या ड वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२-२३ मध्ये सरसकट ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ते ४८ हजार झाले. ही सगळी रक्कम ग्रंथपालाच्या पगारावर घातली तरी महिन्याला चार हजार होतात. आणि सगळी घालता येत नाही, कारण त्यातच पेपरचं बिल, वीज आणि नवी पुस्तकं. आमचं वाचनालय ड वर्गाच्या वर आहे, पण फार वर नाही. तिथे पुस्तक गहाळ झालं तर किंमत कुणी भरायची याचा लेखी नियम मला कुणी दाखवला नाही. तोंडी नियम सगळ्यांना माहीत आहे: काकांनी. इतक्या कमी पगारावर शेकडो रुपयांचं पुस्तक अनोळखी माणसाच्या हातात देणं याला आपण सेवाभाव म्हणू. काकांनी ती चैन केली नाही, कुलूप लावलं. त्यांच्या जागी मी असतो तर दोन कुलपं लावली असती.

वर्ग ठरताना वजन पडतं ते सभासद किती, ग्रंथ किती, दैनिकं आणि मासिकं किती, दिवसाचे किती तास दार उघडं, याचं. हे सगळं दाराच्या आतलं मोजमाप आहे. देवघेवीचा आकडाही अहवालात भरला जातो, पण पुस्तक किती वेगवेगळ्या घरांत गेलं हे मी पाहिलेल्या अहवालांत कुठे नाही. आणि जे सभासद झालेच नाहीत त्यांच्यासाठी रकाना कुठून असणार? आमच्या धंद्यातला अनुभव सांगतो की माणसं मोजमापाकडे बघून वागतात. जे मोजलं जातं ते वाढतं, न मोजलेलं वाळत जातं. राज्यात अकरा हजारांच्या आसपास अनुदानित ग्रंथालयं आहेत. २०१२ नंतर बरीच वर्षं नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळणंही थांबलं होतं. म्हणजे नव्या वस्तीत, नव्या लोकांनी, नवं वाचनालय काढण्याची वाट बंद, आणि जुनं आपल्या कपाटांसकट जिथल्या तिथे.

मग विस्ताराचं काय होतं? त्याला कागदोपत्री विस्तार सेवा म्हणतात, आणि व्यवहारात ती एक दिनदर्शिका असते. १२ ऑगस्टला रंगनाथन जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रत्येक दिवशी प्रतिमेला हार, पुस्तकांचं प्रदर्शन, शाळेतून रांगेने आणलेली पोरं, अध्यक्षीय भाषण, फोटो. प्रदर्शनात मांडलेल्या पुस्तकांना हात लावू नये अशी पाटी मी स्वतः वाचली आहे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच हा की पुस्तक वापरण्यासाठी असतं. युरोपात कधीकाळी पुस्तकं साखळीने बांधून ठेवत, तिथून ते आपली मांडणी सुरू करतात. त्यांच्याच प्रतिमेसमोर हात न लावण्याची पाटी. ही विनोदी लेखकाला सुचली नसती.

या दिनदर्शिकेच्या बाहेर आमच्या वाचनालयाने गेल्या दहा वर्षांत एकच मोठा विस्तार केला, अभ्यासिका. मागच्या खोलीत टेबलं लावली, पंखे लावले, मोबाईल चार्ज करायला बटणं बसवली. पहाटेपासून पोरंपोरी येऊन बसतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. साहित्यप्रेमी मंडळी याबद्दल नाक मुरडतात, ग्रंथालयाचा क्लास झाला म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही आणि म्हाताऱ्या आजोबांच्या खोकल्यात, ज्या पोरीला पाठ करायला कोपरा मिळत नाही, तिच्यासाठी ही खोली म्हणजे गावातली एकमेव शांत जागा आहे. आंबेडकर जयंतीच्या सुमारास सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम आमच्याकडे होतो, तेव्हा त्या खोलीत जागा पुरत नाही. वाचनालयाच्या इतिहासात पहिल्यांदा बौद्ध वस्तीतली पोरं रोज, हक्काने, कुणाला न विचारता आत येतात. कुठल्याही ग्रंथदिंडीने हे केलं नव्हतं.

माझी तक्रार वेगळी आहे. ही पोरं आपापली पुस्तकं घेऊन येतात. वाचनालयाची पुस्तकं त्यांच्या पाठीमागे, काचेआड, भिंतीसारखी उभी असतात. सहा-सहा तास त्या भिंतीला पाठ करून बसणाऱ्यांपैकी कितीजणांनी कपाट उघडायला सांगितलं, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "त्याईले कायले लागते?" प्रश्न बरोबर होता, पण त्यांनी तो पोरांना विचारायला हवा होता.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं: लोक वाचत नाहीत, मोबाईलने वाटोळं केलं. हे ऐकलं की मला दोन जागा आठवतात. एक, आमच्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपूरची दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, त्यांच्यासमोरची गर्दी ज्याने पाहिली आहे तो वाचनसंस्कृती मेली असं म्हणणार नाही. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकांपासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या जाड खंडांपर्यंत माणसं विकत घेतात, पिशवीत घालून रेल्वेने, एसटीने गावी नेतात. त्यातली कित्येक आमच्या जिल्ह्यातली. याच भंडाऱ्यातून १९५४ मध्ये बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. पण पुस्तक घरात असावं ही त्यांची शिकवण इथल्या घराघरांत उरली. आमच्या वाचनालयाच्या सभासदांच्या यादीत ती घरं कमी दिसतात. वाचणारे आणि सभासद या दोन वेगळ्या जाती आहेत असं वाटावं, इतकी कमी.

दुसरी जागा म्हणजे मंडई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र, तिथल्या कंपन्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हिंडतात. थंडीत, तंबूत, तिकीट काढून माणसं पहाटेपर्यंत नाटक बघतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यातल्या माझ्या मित्रांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. संवाद तोंडपाठ असणारे प्रेक्षक आहेत. आमच्या वाचनालयात मात्र या नाटकांची एकही संहिता नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, झाडीबोलीची साहित्य संमेलनं उभी केली. तो कोश आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयात दर्शनी भागात असायला हवा की नको? आमच्याकडे मी मागितला तेव्हा नव्हता. जी भाषा काका दिवसभर बोलतात, तिला त्यांच्याच कपाटात जागा नाही.

म्हणजे वाचक आहेत, प्रेक्षक आहेत, भाषा आहे. त्यांच्या आणि कपाटाच्या मध्ये एक दार आहे, आणि या दारातून पुस्तकाने बाहेर पडायचं की माणसाने आत यायचं, एवढाच प्रश्न शंभर वर्षं चालू आहे.

पुस्तकाने बाहेर पडायचं, हे उत्तर आपल्याकडे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिलं ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. अमेरिकेतल्या ग्रंथालयांची व्यवस्था पाहून त्यांनी १९१० मध्ये तिथल्याच विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. बॉर्डन तीन वर्षं राहिला. त्याने मध्यवर्ती ग्रंथालय घडवलं, माणसं शिकवून तयार केली. पण त्या सगळ्यात मला मोह पडतो तो फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्यांचा. पुस्तकांनी भरलेली पेटी गावी जाई, काही काळ राही, परत येई, दुसरी जाई. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी याच खात्याचा एक विभाग मॅजिक लँटर्न आणि चित्रपटांचे खेळ घेऊन हिंडत असे. गावाने आपलं ग्रंथालय काढायचं ठरवलं आणि वर्गणी जमवली, की तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. आधी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणि त्यामागोमाग पेटी, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. शिकलेलं पोरगं पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून पुस्तक त्याच्या मागे गावात पाठवायचं. पुढे १९३१ मध्ये तमिळ मुलुखात मन्नारगुडीच्या आसपास बैलगाडीवरचं ग्रंथालय सुरू झालं, तेही याच कुळातलं.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं, तेव्हा पेटी परत आली. विनायक रानडे यांनी उभी केलेली ही योजना देणगीतून चालते. एका पेटीत शंभर पुस्तकं, एका गटाकडे ती काही महिने, मग गटागटांत अदलाबदल. सभासदत्वाचा अर्ज नाही, अनामत नाही. ती सोसायट्यांत गेली, तुरुंगात गेली, दुबईपर्यंत गेली. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत ग्रंथालयाविषयी जे काही सुचलं त्यातलं हे सगळ्यात चांगलं. कारण पेटी गटाच्या स्वाधीन करून देणारा निघून जातो. त्याला सोडून देता येतं. तरी तिची मर्यादाही स्पष्ट आहे: पेटीला बोलावणारं कुणीतरी लागतं, आणि बोलावणारे बहुधा तेच असतात ज्यांना पुस्तक काय आहे हे आधीच माहीत आहे.

सरकारी बाजूने सगळ्यात गाजलेला प्रयोग भिलारचा. ४ मे २०१७ ला पाचगणीजवळचं हे गाव पुस्तकांचं गाव झालं. घरांत, लॉजमध्ये, देवळात पुस्तकं मांडली, कुलूप नाही. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांत नेताना आमच्या शेजारचं नवेगाव बांध निवडलं गेलं. १९९९ पर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होतं. मारुती चितमपल्लींनी जिथल्या तळ्याविषयी आणि रानाविषयी लिहिलं, ते गाव पुस्तकांचं होणं कुणालाही आवडेल. मलाही आवडलं. पण भिलारची कल्पना मुळात पाहुण्यांसाठी आहे. वाचक गाडीतून येतो, स्ट्रॉबेरी खातो, पुस्तक चाळतो, फोटो काढतो, जातो. पुस्तक तिथेच राहतं. कुलूप निघालं हे खरं, पण पुस्तकाचा प्रवास झाला नाही. जी मजूर बाई त्याच गावात भांडी घासते, तिच्या घरी यातलं एखादं पुस्तक जातं का, यावर त्या गावाची परीक्षा मी करीन.

शेजारच्या कर्नाटकने वेगळी वाट धरली. २०१९ मध्ये तिथली ग्रामपंचायत ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडे आली. पुढच्या वर्षी, कोरोनात शाळा बंद असताना, 'ओदुव बेळकु' नावाची मोहीम सुरू झाली आणि गावातल्या मुलांना सभासदत्व फुकट केलं. लाखो मुलं सभासद झाली. यात तंत्रज्ञान काहीच नाही. फक्त वर्गणी आणि अनामत यांची भिंत काढून टाकली.

तंत्रज्ञानाचं नाव काढलं म्हणून माझी फजिती सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या वाचनालयाचं ॲप बनवलं. ग्रंथनोंदवहीचे फोटो काढले, रात्री जागून नावं टाइप केली, शोधायची सोय केली, पुस्तक राखून ठेवायचं बटण दिलं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक गेली, आठवडाभर माझं कौतुक झालं. मग नोंदी बघायला लागलो. लोक शोधत होते, पण पुस्तक राखून ठेवत नव्हते. कारण ॲप रात्री अकरालाही चालतं आणि वाचनालय संध्याकाळी बंद होतं. शिवाय शोधणारे सभासद नव्हते, आणि सभासदांना ॲप नको होतं. शोधलेल्या शब्दांत भरतीच्या परीक्षांची नावं होती, धानावरचे रोग होते, शिवणकाम होतं, झाडीपट्टीतल्या नाटकांची नावं होती. बहुतेक शोधांचं उत्तर एकच: काही सापडलं नाही. मी काचेचं कपाट मोबाईलवर आणून ठेवलं होतं. आता लोकांना ते घरबसल्या बंद दिसत होतं.

पण ती न सापडलेल्या शब्दांची यादी मी काकांना छापून दिली, आणि ती त्यांनी जपून ठेवली. त्या वर्षीच्या खरेदीत शिवणकामाची आणि धानावरची पुस्तकं आली. ॲपचा एवढाच उपयोग झाला. मला तो कमी वाटत नाही.

दुसरी गोष्ट पाकिटाची. एरर बजेटची कल्पना मी काकांना समजावून पाहिली, त्यांना पटली नाही. "कटन तं माह्याच पगारातून कटन," म्हणाले. ते बरोबर होते, कारण बजेट म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे, पैसे. मग हिशेब केला. समजा वर्षाला दोन हजार वेळा पुस्तकं बाहेर गेली, तर केंद्राच्या नियमाप्रमाणे दहा हरवायला हरकत नाही. एकेक तीनशेचं धरलं तर तीन हजार रुपये. आम्ही चार वर्गमित्रांनी ते जमवले, पाकिटात घातले, पाकिटावर 'हरवण्यासाठी' असं लिहून काकांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. संस्थेच्या कार्यकारिणीत यावर चर्चा झाली. हरवण्यासाठी निधी ही काय भानगड, उद्या लोक मुद्दाम हरवतील, असं एकाने विचारलं. शंका रास्त होती. कुणी पुस्तक विकून खाल्लं तर? खाऊ दे, असं मी म्हणालो नाही, मनात म्हणालो. जुन्या कादंबरीला रद्दीत किलोचा भाव येतो.

पाकीट वर्षभर तसंच पडून राहिलं. काका कपाटाला कुलूप लावत राहिले. मग बचत गटांचं काम बघणाऱ्या एक ताई, ज्यांना आसपासच्या गावांत बैठकींना जावंच लागतं, त्या म्हणाल्या की पिशवीत वीस पुस्तकं घालून द्या, नेऊन बघते. काकांनी पाकिटाकडे बघितलं आणि पुस्तकं दिली. निवड त्यांची होती आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती: शिवणकाम, दोन-तीन कादंबऱ्या, लहान पोरांची चित्रांची पुस्तकं, सावित्रीबाईंचं चरित्र, आरोग्याचं एक. पिशवी महिन्याने आली, तेव्हा पुस्तकांच्या पानांवर हळदीचे डाग होते. काका ते डाग बराच वेळ बघत बसले. काही बोलले नाहीत. दुसरी पिशवी गेली, तिसरी गेली.

यंदा रोवणीच्या दिवसांत गावी गेलो, तेव्हा वाचनालयात गेलो. देवघेवीच्या वहीत उजवीकडे शेवटचा रकाना 'गहाळ' असा छापलेला आहे. इतकी वर्षं तो कोरा होता. आता त्यात एक नोंद होती, शिवणकामाचं पुस्तक, आणि ती पेन्सिलीने लिहिलेली होती. पेनाने का नाही लिहिलं, असं विचारलं.

"येईन ना गा," काका म्हणाले. "आला का खोडून टाकू."